'उचल', 'अ‍ॅडव्हान्स' आणि 'फोरशुस' : एका व्यवहारी शब्दाची भाषांतरचिकित्सा

१

भाषांतरमीमांसेत ज्या शब्दांची चर्चा होते ते बहुधा प्रतिष्ठित शब्द असतात. 'धर्म', 'रस', 'आत्मा' यांना इंग्रजीत प्रतिशब्द नाही, हे आपण आवर्जून सांगतो आणि त्या निमित्ताने संस्कृतीच्या अनन्यतेविषयी काही सिद्धान्तही मांडतो. बाजारात, शेतात, हिशेबाच्या वहीत वावरणाऱ्या शब्दांना मात्र हा मान मिळत नाही. त्यांचे भाषांतर कोश करतो आणि ते निर्वेध झाले असे आपण गृहीत धरतो. हे गृहीत तपासून पाहावे, या हेतूने इंग्रजीतील 'अ‍ॅडव्हान्स' हा एक नित्याचा शब्द, त्याचे जर्मन पर्याय आणि बीड जिल्ह्यात लाखो माणसांचे वर्ष ज्यावर बेतलेले असते तो त्याचा मराठी पर्याय 'उचल', यांचा विचार येथे करावयाचा आहे.

विचाराचे निमित्त अगदी लहान आहे. एम.ए.च्या वर्गात भाषांतराचा सराव चालू असताना एका साध्या इंग्रजी वाक्यात हा शब्द आला. कोणा मजुराने मालकाकडून 'अ‍ॅडव्हान्स' घेतला होता, एवढाच त्या वाक्याचा आशय होता. बहुतेकांनी 'आगाऊ रक्कम' असे लिहिले. एका विद्यार्थिनीने 'उचल' लिहिले. दोन्ही पर्याय शुद्ध आहेत असे सांगून मी पुढे जाऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, "सर, आगाऊ रक्कम मिळत असते. उचल घ्यावी लागते." तिचे आईवडील दर वर्षी ऊसतोडीला जात होते. तिच्या दोन लहान वाक्यांत भाषांतराचा जो प्रश्न होता त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढील विवेचन हा त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

२

इंग्रजी शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील 'अबान्ते' या रूपात आहे. त्यात 'आधी', 'समोर' हा भाव आहे. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला आणि लॅटिनमधील 'अद' हा उपसर्ग त्यात आहे अशा चुकीच्या समजुतीने सोळाव्या शतकात त्यात 'ड' शिरला. एकट्या 'अ‍ॅडव्हान्स'मध्ये आज निदान पाच अर्थ सुखाने नांदतात: सैन्याची आगेकूच, ज्ञानाची वा समाजाची प्रगती, कामाआधी दिलेले पैसे, एखाद्या गोष्टीची पूर्वसूचना किंवा पूर्वतयारी, आणि अनेकवचनात, स्त्रीपुरुषसंबंधातील सलगीचा प्रयत्न. या पाचांना बांधणारे सूत्र पुढे जाण्याचे आहे. कोणीतरी किंवा काहीतरी मागून पुढे सरकते. इंग्रजी भाषकाला त्यामुळे मजुराच्या हाती ठेवलेली रक्कम आणि मानवजातीची प्रगती एकाच शब्दात सांगता येते. त्या शब्दाची छटा स्वभावतःच आशादायी आहे. पैसे पुढे गेले, म्हणजे व्यवहारही पुढे गेला, असे तो सुचवतो.

जर्मन भाषा हे एकत्र कुटुंब मान्य करीत नाही. सैन्याच्या आगेकूचीला ती 'फोरमार्श' म्हणते, प्रगतीला 'फोर्टश्रिट', म्हणजे शब्दशः पुढचे पाऊल. पूर्वतयारीसाठी 'इम फोराउस' हा वाक्प्रयोग आहे आणि सलगीच्या प्रयत्नासाठी जवळ येण्याच्या क्रियेवरून घडवलेला एक लांबलचक समास आहे. पैशाच्या बाबतीत तर तिची दृष्टी आणखी बारीक होते. एखाद्या वस्तूच्या किमतीपैकी आधी दिलेला हिस्सा 'आनत्सालुंग', संपूर्ण देणे मुदतीआधी चुकते केले तर 'फोराउसत्सालुंग', आणि काम होण्यापूर्वी त्याच्या मोबदल्यातून दिलेली रक्कम 'फोरशुस'. यांखेरीज 'हांटगेल्ट' हा एक जुना शब्द आहे. नोकर ठेवताना किंवा शिपाई भरती करताना करार पक्का झाल्याची खूण म्हणून हातावर ठेवलेले नाणे, असा त्याचा अर्थ होता. आपल्या 'विसार'च्या जवळ जाणारा हा शब्द आहे. इंग्रजीचा जर्मन भाषांतरकार 'अ‍ॅडव्हान्स'समोर आला की त्याला निवड करावीच लागते, आणि निवड करताना व्यवहाराचे स्वरूप काय हे आधी ठरवावे लागते.

यांतील 'फोरशुस' आपल्या दृष्टीने महत्त्वाचा. 'फोर' म्हणजे आधी, पुढे. 'शुस' हे नाम 'शीसेन' या क्रियापदाशी संबद्ध आहे आणि त्या क्रियापदाचा आज प्रथम मनात येणारा अर्थ गोळी झाडणे हा असला, तरी झपाट्याने पुढे टाकणे, निधीत भर घालणे, अशा अर्थांनीही ते वापरले गेले आहे. देणारा पैसा पुढे टाकतो, हे त्यातले चित्र. म्हणजे इंग्रजी आणि जर्मन यांची अर्थविभागणी कितीही वेगळी असली, तरी एका बाबतीत त्या एकत्र येतात. दोघींनीही हा व्यवहार देणाऱ्याच्या बाजूने उभे राहून पाहिला आहे.

३

वॉल्टर बेंजामिन यांनी भाषांतरकाराच्या कार्याविषयीच्या १९२३ मधील आपल्या निबंधात एक भेद केला आहे. जर्मन 'ब्रोट' आणि फ्रेंच 'पँ' यांतून अभिप्रेत असलेली वस्तू एकच, भाकरी. पण अभिप्रेत करण्याची रीत दोन्हींत निराळी, आणि म्हणून हे शब्द परस्परांच्या जागी बसत नाहीत. बेंजामिन यांचा रोख पुढे शुद्ध भाषेच्या कल्पनेकडे वळतो. तिकडे जाण्याचे येथे कारण नाही. मात्र त्यांनी उदाहरणासाठी निवडलेला शब्द रोजच्या ताटातला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'अ‍ॅडव्हान्स', 'फोरशुस' आणि 'उचल' यांतून अभिप्रेत असलेली वस्तूही एकच आहे: कामाआधी हातात पडणारी रक्कम. अभिप्रेत करण्याच्या रीतीत जो फरक आहे तो मात्र छटेपुरता नाही. व्यवहारातील कर्ता कोण, हेच त्या फरकाने ठरते.

मराठीत या वस्तूसाठी शब्दांची वाण नाही. 'आगाऊ' हा इंग्रजीच्या सर्वांत जवळचा. त्यातही पुढे असण्याचा भाव आहे, आणि मर्यादा सोडून पुढेपुढे करणाऱ्या पोरालाही आपण आगाऊच म्हणतो. 'पेशगी' फारसीतून आला आणि त्यातही समोर ठेवण्याचीच कल्पना आहे. १९४८ पर्यंत निजामी अंमलात राहिलेल्या मराठवाड्याच्या कानाला तो परका नव्हता. 'तगाई' मागे अरबीतील बळ देण्याची कल्पना आहे. सरकार शेतकऱ्याला उभे करते, असा तिचा अभिमानी सूर. 'विसार' सौदा बांधतो. या सर्वांच्या रांगेत 'उचल' बसते, पण तोंड उलट दिशेला करून. 'उचलणे' ही क्रिया घेणाराच करू शकतो. देणारा 'उचल देतो' असे आपण म्हणतो खरे, परंतु तेव्हाही तो दुसऱ्याला उचलू देतो एवढेच. शब्दाच्या पोटातील क्रियापदाचा कर्ता मजूरच राहतो.

'उचलणे' या क्रियापदाचा संसार पाहिला म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ओझे उचलतात. विडा उचलतात, म्हणजे अवघड काम स्वतः होऊन पत्करतात. पक्ष उचलून धरतात. मनात दडलेला विचार उचल खातो. नको झालेल्या माणसाची उचलबांगडी होते. दुसऱ्याची वस्तू न विचारता उचलली तर ती चोरी, आणि असे करणारा उचल्या. भार, संकल्प, उसळी आणि अपहार या चार अर्थांच्या मध्यभागी ही रक्कम मराठीने ठेवली आहे. इंग्रजीत ती प्रगतीच्या शेजारी होती. आता शेजार बदलला आहे. शब्दाचे मूल्य भोवतालच्या शब्दांवरून ठरते, हे सोस्यूरचे प्रतिपादन आपण वर्गात नेहमी शिकवतो. ते विशद करताना त्याने नाण्याचा दाखला घेतला होता. येथे नाणे तेच आहे आणि मूल्य मात्र पालटले आहे.

४

बीड जिल्ह्यात हा शब्द कसा वागतो ते पाहू. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्यापूर्वी, पावसाळ्याच्या टंचाईत, मुकादम उचल वाटतो. ती 'कोयत्या'ला मिळते. कोयता म्हणजे ऊस तोडण्याचे हत्यार, आणि फडाच्या हिशेबात कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. उचल बहुधा नवरा घेतो, फेडतात मात्र दोघे. 'उचल' हे नाम कर्त्याला उघड करते आणि 'कोयता' हे नाम त्या कर्त्यातील अर्धा भाग झाकून टाकते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा खाड्याचा दंड आणि न फिटलेली उचल यांची चर्चा शरीराच्या चर्चेबरोबरच झाली. हे दोन्ही शब्द ज्या वहीत लिहिले जातात त्या वहीत बाईचे नाव सहसा नसते.

दुसरी गोष्ट रकमेच्या प्रवासाची. ती कारखान्याकडून निघते, वाहतूक कंत्राटदार वा मुकादम यांच्या हातून जाते आणि मजुराच्या घरी पोचते. कारखान्याच्या कागदांत तिचे नाव सामान्यतः 'अ‍ॅडव्हान्स' असते आणि तांड्यावर, वस्तीवर ती 'उचल' होते. भाषांतर कोणी केलेले नाही, तरी ते होते. वरच्या टोकाला जे देणे होते ते खालच्या टोकाला घेणे झालेले असते. हंगामाअखेर हिशेब जुळला नाही तर वरच्या टोकाला 'येणे बाकी' दिसते आणि खालच्या टोकाला 'उचल बुडवली' असा आरोप होतो. 'बुडवणे' या क्रियापदाचा कर्ताही पुन्हा मजूरच.

हे अपरिहार्य होते असे मात्र नाही. ओडिशात याच प्रथेला 'दादन' म्हणतात. तेथून बाहेर कामाला जाणाऱ्यांना दादन मजूर असे नावच पडले आणि १९७५ मध्ये त्यांच्यासाठी झालेल्या राज्याच्या कायद्याच्या शीर्षकातही हा शब्द आला. 'दादन' हे फारसी क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ 'देणे' असा आहे. बंगालमधील निळीच्या मळ्यांवर रयतेच्या गळी जी रक्कम उतरवली जाई तिलाही दादनच म्हणत. दीनबंधू मित्र यांचे 'नीलदर्पण' हे १८६० मधील नाटक त्या रकमेभोवती फिरते, आणि त्याच्या इंग्रजी भाषांतराच्या प्रकाशनापायी १८६१ मध्ये रेव्हरंड जेम्स लाँग यांना एक महिन्याची कैद आणि एक हजार रुपये दंड झाला. मूळ बंगाली नाटक न्यायालयात गेले नव्हते. गेले ते भाषांतर. व्यवहारातील शब्द मळेवाल्यांना कळेल अशा भाषेत आले, तेव्हाच ते अपराध ठरले.

५

येथे कायद्याची भाषाही पाहिली पाहिजे. वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा १९७६ चा. त्याच्या व्याख्यांच्या कलमात 'अ‍ॅडव्हान्स' या शब्दाची व्याख्या आरंभीच येते, आणि ती करताना तोच शब्द पुन्हा वापरावा लागला आहे. रोख असो वा वस्तुरूप, एका व्यक्तीने दुसरीला दिलेला अ‍ॅडव्हान्स म्हणजे अ‍ॅडव्हान्स, असा तिचा सारांश. देणारा धनको, घेणारा ऋणको. चक्राकार असली तरी ही व्याख्या उपयोगाची आहे, कारण देणाऱ्याला ती वाक्याच्या अग्रभागी ठेवते. बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असल्याचे दिसले, तर त्यामागे अ‍ॅडव्हान्स आहे असे न्यायालय गृहीत धरील आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी मालकावर राहील, असे त्या निर्णयाने ठरवले. 'अ‍ॅडव्हान्स' असा गृहीत धरता येतो. 'उचल' गृहीत धरता येत नाही. ती कोणीतरी उचललेलीच असावी लागते. कायद्याच्या या तरतुदीचा मराठी अर्थ सांगताना आपण सहज 'उचल' हा शब्द योजला, तर सिद्ध करण्याचा भार मालकाकडून सरकून मजुराच्या पाठीवर कसा येतो, हे भाषांतरकाराच्या ध्यानातही येणार नाही.

कार्ल मार्क्सच्या 'कापिटाल'मधील एक स्थळ येथे आठवते. श्रमशक्तीच्या खरेदीविक्रीची चर्चा करताना तो म्हणतो की मजुराला वेतन कामानंतर मिळते, म्हणून मजूरच सर्वत्र भांडवलदाराला आपली श्रमशक्ती आधी पुरवतो. त्यासाठी त्याने 'फोरशीसेन' हेच क्रियापद वापरले आहे. भांडवलदार जे भांडवल 'पुढे टाकतो' त्यालाही मार्क्सच्या लेखनात हेच क्रियापद आहे. एकच क्रिया, दोन कर्ते: त्याच्या युक्तिवादाची धार या पुनरुक्तीत आहे. १८८७ मधील इंग्रजी भाषांतरात 'अ‍ॅडव्हान्स' शब्द राहिला, परंतु ते उपवाक्य कर्मणी झाले. जर्मन उपवाक्यात कर्ता असलेला मजूर तेथे दिसत नाही. तो पुढच्या उपवाक्यात परत येतो हे खरे, पण ऐन क्रियेच्या क्षणी तो अनुपस्थित असतो.

हेच वाक्य मराठीत, 'उचल' हा शब्द ठेवून, सांगून पाहावे. 'मजूर कारखान्याला उचल देतो.' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि ऐकणाऱ्याला हसू येते. ते हसू तपासण्यासारखे आहे. हंगामाच्या पहिल्या दिवसापासून मजूर काम करतो. खर्चापुरती थोडी रक्कम त्याला मिळत राहते आणि बाकीची मजुरी वहीत उचलीसमोर वळती होते. ज्या दिवशी उचल फिटते त्या दिवसापासून अखेरच्या हिशेबापर्यंत तो कारखान्याचा आणि मुकादमाचा धनको असतो. फडावर जाणे, कोपी उभी करणे, मोळ्या बांधून वाहनाची वाट पाहत रात्र काढणे, या वेळेचा वेगळा मोबदला नसतो. ती त्याने दिलेली उचलच म्हणायची. पण मराठीला तसे म्हणता येत नाही. ऋण एकाच दिशेने पाहण्याची सवय शब्दाला लागली की उलट दिशेचे ऋण हास्यास्पद वाटू लागते.

६

या विवेचनावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. 'उचल' हा शब्द मजुरांवर कोणी लादलेला नाही. तो त्यांचा स्वतःचा आहे. एखाद्या कोयत्याला मोठी उचल मिळाली तर त्या जोडीच्या ताकदीची ती पावती असते, आणि ती अभिमानाने सांगितलीही जाते. उचलणे ही बळाची क्रिया आहे. मजुराला केवळ घेणारा, दीन, न मानता भार पेलणारा कर्ता मानणारा हा शब्द 'आगाऊ रक्कम' या निर्जीव समासापेक्षा अधिक माणुसकीचा नाही काय? याचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागेल. माझ्या विद्यार्थिनीने तो शब्द निवडला त्यामागे हेही होते. पण तिच्या वाक्यात 'घ्यावी लागते' असे विध्यर्थी क्रियापद होते, हे विसरून चालणार नाही. शब्दाने कर्तृत्व बहाल केले होते. तिने व्याकरणातच त्याची मर्यादा दाखवली.

कर्तृत्व बहाल करणारा शब्द दोषही बहाल करतो. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ मधील आत्मकथनाचे नाव येथे स्मरणे साहजिक आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यातून आलेल्या या पुस्तकाला १९८८ चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. जन्मामुळेच ज्यांच्यावर चोरीचा शिक्का बसला त्या समाजाची ती कथा. १९९८ मध्ये साहित्य अकादमीने तिचे इंग्रजी भाषांतर प्रकाशित केले तेव्हा शीर्षक झाले 'द ब्रँडेड', म्हणजे ज्याच्यावर डाग दिला गेला तो. मराठी शीर्षकात माणूस उचलणारा आहे. इंग्रजी शीर्षकात त्याच्यावर दुसऱ्या कोणाची क्रिया झालेली आहे. कोशाच्या दृष्टीने हे भाषांतर चूक ठरेल. पुस्तकाच्या दृष्टीने ते अचूक आहे, कारण लेखकाला जे दाखवायचे आहे तेच शीर्षकाने केले: क्रियेची दिशा उलटवून खरा कर्ता कोण हा प्रश्न उभा केला. मराठी शीर्षकाचा उपरोध इंग्रजीत हरवला, हेही तितकेच खरे. दोन्ही शीर्षके शेजारी ठेवून वाचली तरच त्या पुस्तकाचे पूर्ण नाव हाती येते.

जर्मन भाषा 'फोरशुस'मध्ये निर्विकार असली, तरी 'शुल्ड' या शब्दात तिनेही हीच गाठ मारून ठेवली आहे. 'शुल्ड' म्हणजे अपराध आणि ऋणही. नैतिकतेच्या वंशवृत्तान्ताविषयीच्या १८८७ मधील ग्रंथात नीत्शेने अपराधाची कल्पना ऋणाच्या व्यवहारातून उगवली असे प्रतिपादन केले, ते या गाठीच्या आधारानेच. 'उचल' आणि 'उचल्या' यांच्यातील अंतर एका प्रत्ययाचे आहे. उचल न फिटलेल्या मजुराला समाज किती चटकन अपराधी ठरवतो, याचा अनुभव असलेल्यांना नीत्शेचा सिद्धान्त नवा वाटणार नाही.

तेव्हा 'अ‍ॅडव्हान्स'चे भाषांतर काय करावे? एकच पर्याय सुचवणे म्हणजे पुन्हा कोशाकडे जाणे होईल. जेथे वाक्य देणाऱ्याच्या जबाबदारीविषयी आहे, कायद्यात, करारात, अहवालात, तेथे 'दिलेली आगाऊ रक्कम' असे लांबट पण कर्ता दाखवणारे रूप ठेवणे इष्ट. जेथे मजूर स्वतः बोलतो आहे तेथे 'उचल'ला पर्याय नाही, आणि इंग्रजी वा जर्मन भाषांतरात तो शब्द मुळातल्यासारखाच जाऊ द्यावा. भाषांतरकाराने प्रत्येक वेळी विचारण्याचा प्रश्न एकच आहे: या वाक्यात हात कोणाचा पुढे झाला आहे? 'धर्म' आणि 'रस' यांच्या भाषांतरात चूक झाली तर एखादा सिद्धान्त बिघडतो. या शब्दाच्या भाषांतरात चूक झाली तर एका कोयत्याचा हंगामभराचा हिशेब बिघडतो, आणि तो तपासण्याचे काम समीक्षेच्या कक्षेबाहेरचे आहे असे मानण्यास मला तरी आधार सापडत नाही.